कागदावरची चौथी ओळ

३ फेब्रुवारी

भाऊजी,

बाटली हातात पडली की आधी बुचावरचं मेण शाबूत आहे का ते बघा. पहिल्या वर्षी गाडीवाल्याने वाटेत तहान लागली म्हणून अर्धी बाटली पिऊन टाकली होती आणि वर मलाच सांगितलं होतं, बाई, पाणी झकास आहे, तपासायची गरज नाही. या वेळी त्याला त्याची वेगळी बाटली भरून दिली आहे.

पिंप गेल्या आठवड्यात धुतलं. सहा महिने भरले होते. एक्केचाळीस घरं, घरटी रोज दोन हंडे, सगळं माझ्या वहीत आहे. एवढ्या पाण्यातलं फ्लोराइड धरून धरून पिंपातले तुमचे पांढरे दाणे दमतात, मग त्यांना सोड्याने धुवून रिकामं करायचं, हे आता मला पाठ झालं आहे. तुमचा पाच ओळींचा कागद पिंपाशेजारच्या भिंतीला डकवलेला आहे. सगळं त्याप्रमाणे झालं. दोन दिवस त्यात गेले आणि अजून खाली वाकलं की उठताना भिंत धरावी लागते.

ह्यांचं तसंच आहे. मान वळत नाही. कोणी हाक मारली की अख्खं अंग घेऊन फिरतात. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं बोअरचं जे पाणी पोटात गेलं ते हाडांत जाऊन बसलं, आता ते निघायचं नाही. हे म्हणतात, माझं झालं ते झालं, पिंप पोरांसाठी आहे.

पलीकडच्या शिवणवालीची पोर, आपली बटण, आता साडेतीन वर्षांची झाली. शिवणवाली तिला पिंपाखेरीज दुसरं पाणी देत नाही. सकाळी मशीनवर बसायच्या आधी माझ्या दाराशी येऊन विचारते, वहिनी, पाजू ना? खाणीच्या या वसाहतीत सगळेच मला वहिनी म्हणतात, तुम्ही पाडलेलं नाव आहे ते. मी म्हणते, पाज. तुम्ही दिलेले तपासणीचे थेंब संपून बरेच दिवस झाले, म्हणून ही बाटली. घाई नाही, पण फार रेंगाळूही नका.

तुमची वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

मेण शाबूत होतं. आमच्या प्रयोगशाळेत दोनशे बाटल्या रांगेत आहेत, तुमची मधेच घुसवली. साहेबांनी पाहिलं, पण ते स्वतः इतके कंटाळलेले होते की काही बोलले नाहीत.

आकडा चांगला नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तुमच्या बोअरमध्ये सहा असतं. मागच्या फेब्रुवारीत मी स्वतः येऊन पिंप धुतलं तेव्हा नळाला अर्धा आला होता. आता चार पूर्णांक एक आला आहे. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा तेवढाच.

राग मानू नका, पण बाटली पिंपाच्याच नळाची ना? आणि कागदावरच्या पाचही ओळी झाल्या ना? पिंप रिकामं करणं, मग सोडा सहा तास, मग धुणं, मग पातळ ॲसिड, मग पुन्हा दोन पाणी. विचारायचं म्हणून विचारतो. लहानपणी माझ्या वजाबाक्या तुम्ही तपासायचात, एक हातचा विसरला तरी ताटावरून उठवायचात. तुमच्याकडून चूक होईल असं मला वाटत नाही, म्हणून शंका बाटलीवर जाते.

एका बाटलीवरून वसाहतीत काही बोलू नका. एकदा विश्वास उडाला की लोक पुन्हा बोअरला तोंड लावतील. दुसरी पाठवा, मग बघू.

दादाला सांगा, मी बरा आहे. डोळे दिवसभर काचेच्या नळ्यांतले रंग बघून शिणतात, घरी येऊन दिवा नकोसा वाटतो.

धाकटा


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

बाटली पिंपाच्याच नळाची होती. दीड वर्ष रोज त्या नळाशी उभी राहते, आता तो नळ मला ओळखत असेल. पाचही ओळी झाल्या. विचारलंत म्हणून सांगते.

तरी मनाला लागलंच. शनिवारी पिंप पुन्हा धुवायला काढलं. लोकांना दोन दिवस टँकरच्या पाण्यावर ठेवलं, सांगितलं साफसफाई आहे. सोडा घातला, काढला, आणि मग बोअरचं पाणी चढवून चढवून अकरा वेळा धुतलं. हात फुटलेत, भाजी चिरताना झोंबतात. पण पाण्याला आता ना वास ना चव, बोटांना जरासं गुळगुळीत लागतं एवढंच. याहून स्वच्छ कसं करतात ते मला माहीत नाही.

शिवणवालीने निकाल विचारला. मी म्हटलं, यायचा आहे. दुसऱ्या बाटलीचा यायचाच आहे, तेव्हा अगदी खोटं नाही. पण त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले तर तोंडातून शब्द निघेनात. हे म्हणाले, झोप आली असेल. मी म्हटलं, हो.

बाटली सोबत आहे.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

चार पूर्णांक चार.

आता बाटलीचा प्रश्न उरला नाही. पाणी आजपासून बंद करा. लहान मुलांना तर थेंबही नको. सगळ्यांनी टँकरचं प्यायचं. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण बंद करा.

धुणं बरोबर झालं असेल तर दोष दाण्यांचा, दुसरं काही सुचत नाही. तुमच्या पिंपातले दाणे आमच्या भांडारातून आले. भांडार ज्यांच्याकडे आहे त्यांना आम्ही कुलूपकाका म्हणतो. साधी काचेची नळी हवी असली तरी आधी तीन कुलुपं उघडतात आणि मग विचारतात, जुनी फुटली का हरवली? त्यांनी तो माल वेगळ्या ठिकाणाहून घेतला होता. साहेबांनी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली आहे. तीस तारखेला चौकशी. माझ्याकडे लेखी जबाब मागितला. मी लिहून दिलं की धुलाईत कसूर नाही, धुणारी व्यक्ती माझ्या खात्रीची आहे.

नवे दाणे मिळायला चार महिने लागतील, फाईल हलली तर. मी काल फाईल शोधत होतो, तर ती चहाच्या कपाखाली सापडली.

धाकटा


१६ मार्च

भाऊजी,

पाणी बंद केलं. पिंपाला बिघाड झाला असं सांगितलं. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, रांगेत तास दीड तास जातो, आणि येतं ते पाणी गढूळ. बायका मला म्हणतात, वहिनी, तुमचं पिंप कधी बरं होणार? जसं काही ते माझं आजारी माणूस आहे.

शिवणवाली काही विचारत नाही. ती रांगेत माझ्या मागे उभी राहते आणि बटणला कडेवर या बाजूने त्या बाजूला घेते.

कुलूपकाकांचं वय काय? घरी कोण कोण आहे? चौकशीत त्यांच्यावर ठपका आला तर काय होईल, ते जरा कळवा. सहज विचारते.

हे बरे आहेत.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

कुलूपकाकांना निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत. बायको अंथरुणाला खिळलेली, मुलगी दूर. ठपका आला तर निवृत्तिवेतनाला कात्री लागेल. काल त्यांनी भांडाराच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हात मोकळे घेऊन चालताना पाहिलं. मला म्हणाले, 'तुझ्या जबाबावर माझा राग नाही. तुझी खात्री आहे, तू लिहिलंस.' त्यानंतर मला चहा गेला नाही.

पण एक गोष्ट जुळत नाही. त्याच मालाचं एक पोतं भांडारात शिल्लक होतं. त्यातले मूठभर दाणे मी काचेच्या नळीत भरले, तुमच्या बोअरइतकंच फ्लोराइड असलेलं पाणी वरून सोडलं. खाली निघालं ते स्वच्छ. दाणे चांगले आहेत, वहिनी.

मग मला तुमचं ते वाक्य आठवलं, बोटांना गुळगुळीत लागतं. सोड्याचं पाणी गुळगुळीत लागतं. मी ते वाचलं होतं आणि तसंच पुढे गेलो होतो, हा माझा थकवा म्हणा किंवा मूर्खपणा.

दाणा फ्लोराइड पिऊन घेत नाही. ते फक्त त्याच्या अंगावर चिकटतं, आणि त्या अंगावर बसायच्या जागा मोजक्या असतात. पाणी किंचित आंबट असलं की त्या जागा फ्लोराइडला ओढून घेतात. पाणी सोड्याकडे झुकलं की तिथे सोडाच ठाण मांडतो आणि दाणा फ्लोराइडला दूर लोटतो. म्हणून तर सोड्याने धुतलं की त्याने धरून ठेवलेलं सगळं सुटून येतं. पण नंतर ॲसिडने त्याचं अंग पुन्हा आंबट करून द्यावं लागतं, नाहीतर दाणा नुसता स्वच्छ होतो, कामाचा होत नाही. तुमच्या बोअरचं पाणी मुळातच सोड्याकडे झुकलेलं आहे, त्याने कितीही वेळा धुतलं तरी हे होत नाही.

सोबत रंगपट्ट्या पाठवतो, तुम्हाला मॅट्रिकला लिटमस होता तसल्याच. पिंपाच्या पाण्यात एक बुडवा. पिवळसर हिरवी झाली तर मी चुकलो. गडद निळी झाली तर ॲसिड कमी पडलं असेल, बाटली जुनी असेल. रंग काय आला तेवढं कळवा. चौकशीच्या आधी मिळालं तर बरं.

धाकटा


२६ मार्च

भाऊजी,

पट्टी बुडवली नाही. गरज नव्हती.

चौथी ओळ मी केलेली नाही. या वेळी नाही, आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा एकटीने धुतलं तेव्हाही नाही. तुम्ही दिलेल्या ॲसिडच्या दोन्ही बाटल्या सील न तोडता कपाटात आहेत.

ऑगस्टमध्ये मी बाटली हातात घेऊन पिंपासमोर उभी होते. बाटलीवर कवटीचं चित्र. खाणीवर एकाच्या पायावर ते सांडलं होतं, तो पाय मी पाहिला आहे. लोक ते मोरी घासायला आणतात. आणि मी ते कशात ओतायचं, तर बटण ज्या पिंपातलं पाणी पिते त्यात. हात धजेना. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि बाटली परत ठेवली. मला वाटलं, त्यानेच माझा हात धरला. त्याऐवजी सात वेळा धुतलं, मनात म्हटलं, आंबटाने जे होतं ते कष्टाने होईल. कागदावर माणूस जरा जास्तीचंच लिहितो, डॉक्टर दहा पुड्या देतात आणि आपण सहांत बरे होतो. बाटली वाचली याचंही बरं वाटलं होतं, तेही सांगून टाकते.

तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत तेव्हा पाचही ओळी झाल्या असं लिहिलं. लिहिताना मला ते खोटं वाटलं नाही, इतकी मी दमले होते. एवढं राबल्यावर एक ओळ राहिली असं कोण म्हणेल, असं काहीतरी मनात होतं. मग कुलूपकाकांचं वाचलं. तरीही पुढच्या पत्रात त्यांचं वय विचारत बसले. वय कमी असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

हे पत्र तुमच्या साहेबांना दाखवा. माझं नाव लिहून दाखवा. गाडीवाल्याकडे न देता मुलाखतीला शहरात निघालेल्या मास्तरांच्या मुलीच्या हाती देते आहे, म्हणजे तीसच्या आत पोचेल.

ऑगस्ट ते मार्च, सात महिने. बटणचे रोज चार पेले. हिशेब मला येतो, पण मांडला नाही.

ह्यांना सांगितलं. ते काठी भिंतीला टेकवून खाटेवर बसले. मग म्हणाले, 'मलाही विचारलं असतंस तर मीसुद्धा ओतू नकोच म्हटलं असतं.' ह्यांनी रागवायला हवं होतं.

वहिनी


१ एप्रिल

वहिनी,

मुलगी एकोणतीसला पोचली. पत्र मी आधी एकटा बसून वाचलं, मग खिशात घालून घरी गेलो. खूप राग आला होता. तुमचा, आणि तुमच्या खात्रीवर जबाब लिहून देणाऱ्याचा, म्हणजे माझा. सकाळी साहेबांना दाखवलं. नोटीस मागे घेतली. कुलूपकाकांनी किल्ल्या उचलल्या, एकेक मोजली, आणि मला म्हणाले, 'तुझ्या वहिनींना सांग, चुकूनही न उघडलेल्या बाटलीचं प्रमाणपत्र हवं असेल तर मी देईन.' मग चहा मागवला. पैसे मात्र फक्त स्वतःच्या कपाचे दिले, तिथे काही फरक नाही.

आता माझं ऐका. पहिला आकडा आला त्या दिवशी मी तुम्हाला लिहिलं, कोणाला बोलू नका. विश्वास उडेल वगैरे लिहिलं. खरं म्हणजे असली सहा पिंपं बसवायचं माझं टिपण साहेबांच्या टेबलावर होतं आणि ते नापास व्हायला नको होतं. त्यानंतरचे तीन आठवडे पोरांनी जे पाणी प्यायलं ते माझ्या नावावर धरा. आणि त्या कागदावर मी पाच कामं लिहिली, एकाचंही कारण लिहिलं नाही. चौथं का करायचं ते लिहिलं असतं तर तुमचा हात धजला असता.

ॲसिड पिंपात राहत नाही. ते दाण्यावरच्या सोड्याशी झगडतं आणि तिथेच संपतं. जाड मोजे घाला. बादलीभर पाण्यात ॲसिड थोडं थोडं ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. ते पिंपातून सोडा. खाली निघणाऱ्या पाण्यात पट्टी पिवळसर हिरवी होईपर्यंत करत राहा. मग दोन पाणी. धुतलेलं सगळं सिमेंटच्या खड्ड्यात. शेवटी सोबतचे थेंब. पाणी गुलाबी राहिलं तर उघडा नळ, पिवळं झालं तर उघडू नका.

एकटीने करू नका.

धाकटा


१५ एप्रिल

भाऊजी,

रविवारी टँकर आला तेव्हा सगळे रांगेत होते, म्हणून तिथेच सांगितलं. घरोघर जाऊन सांगायचं ठरवलं होतं, पण चौथ्या घरी माझी हकीगत मऊ झाली असती, हे मला ठाऊक होतं. हे काठी घेऊन शेजारी उभे राहिले. मी म्हटलं, पिंपाला बिघाड नव्हता, मी एक काम सोडलं, ऑगस्टपासून तुम्ही जे प्यायलात ते जवळजवळ बोअरचंच पाणी होतं.

कोणी ओरडलं नाही. निवृत्त मास्तर म्हणाले, पण वहिनी, वहीत तर तारखा व्यवस्थित होत्या. मी म्हटलं, तारखा खऱ्या आहेत. एक म्हातारी हसली, म्हणाली, माझी हाडं तर कधीचीच गेली, माझ्यासाठी नका रडू. मी रडत नव्हते, डोळ्यांत धूळ होती, पण ते सांगत बसले नाही. मग टँकरवाल्याने भोंगा वाजवला आणि रांग पुढे सरकली. शिवणवालीने हंडा भरला आणि माझ्याकडे न बघता गेली.

सोमवारी मी मोजे घालून पिंपाशी उभी होते तर ती आली. म्हणाली, कागदावर एकटीने नको असं लिहिलंय ना. कागदावर नाही, तुमच्या पत्रात आहे, आणि ते तिला ह्यांनी सांगितलं असणार. तिने बादली धरली, मी ओतलं. माझी धार मोठी पडत होती म्हणून तिने बादली खाली ठेवली, बाटली माझ्या हातून घेतली आणि उरलेलं स्वतः ओतलं, मशीनमध्ये तेल सोडतात तसं बारीक धारेने. निळ्या पट्ट्या सात गेल्या. आठवी हिरवट आली. संध्याकाळपर्यंत दोन पाणी झाली. थेंब टाकले, पाणी गुलाबी राहिलं. मी पुन्हा टाकले, पुन्हा गुलाबी. तुमच्यासाठी बाटली भरली आहे, पण आकडा काय येईल याची आता धास्ती नाही.

त्या गुलाबी पाण्याची नळी मी तिच्यासमोर धरली. तिने बघितलं, मान हलवली. मग बटणला हाक मारली, गुडघ्यांत धरलं, हनुवटी वर करून तोंड उघडायला लावलं. मला म्हणाली, 'हे दुधाचे. हे पांढरेच आहेत. डॉक्टरांना विचारून आले मी. पक्के दात आत्ता हिरडीच्या आत घडतायत, डाग पडला असेल तर तो आत पडलाय, आता पुसता येत नाही. सहा-सात वर्षांची होईल तेव्हा समोरचे दोन येतील. ते आले की आधी तुम्ही बघायचं, वहिनी. मी बघणार नाही, मला सांगायचंही नाही, तुमच्या तोंडावरून मला कळेल.'

मी हो म्हटलं. बटणचे दात इतके जवळून मी कधी पाहिले नव्हते, अगदी बारीक आहेत, खालचा एक जरा तिरका. शिवणवालीने तिला सोडलं आणि ती पळाली.

आज दुपारपासून नळ सुरू आहे. लोक येतात, भरतात, जातात. कोणी विचारत नाही. ते दोन दात यायला तीन वर्षं, भाऊजी. ह्यांना खुर्चीतून उठवायचं आहे, थांबते.

वहिनी